पुस्तक उघडणारे डॉक्टर

गुलाबपाण्याचा वास आला की मद्रासमधल्या अण्णा नगरचा तो दवाखाना आठवतो. तेव्हा घरोघर ‘मद्रास आय’ची, म्हणजे डोळे येण्याची साथ होती, सगळे डोळ्यांत गुलाबपाणी घालत. आईचा एकच डोळा लाल झाला, डोकंही ठणकू लागलं. डॉक्टरांनी बॅटरीने डोळा पाहिला आणि आमच्यासमोरच जाड पुस्तक उघडलं. “ही साथ वाटत नाही,” ते म्हणाले, “मला डोळ्यांतलं फार कळत नाही. आत्ताच एग्मोरच्या डोळ्यांच्या इस्पितळात न्या.” पुस्तकात बघून सांगणारा हा कसला डॉक्टर? बाहेर येताच मी म्हणालो, “दुसऱ्याकडे जाऊ.” आई कण्हत म्हणाली, “कळत नाही म्हणाले ना? म्हणजे खरं बोलतायत. रिक्षा बोलाव.” एग्मोरला काचबिंदू निघाला, वेळेत पोचलो म्हणून डोळा वाचला. आता कुणी डॉक्टर डोळा न बघताच थेंब लिहून देतो, तेव्हा मी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवतो आणि दुसरा दवाखाना शोधतो.