चाकामागचे दोन दगड

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही. पण गेल्या आठवड्यात सायमनकाका जे बोलले, त्यानंतर हे पोटात ठेवणं जमेना.

आम्ही वसई-विरारमधले काही बसवेडे. कुणाकडे जुनी तिकिटं, कुणाकडे गावांच्या पाट्या, माझ्याकडे हजारो फोटो. तीन वर्षांपूर्वी आम्ही भुईगावच्या मैदानावर जुन्या गाड्यांचा दिवस भरवला. मान होता एका जुन्या लाल बसला — आमच्यातल्याच एकाने घेऊन दुरुस्त केलेली. ती चालवत आणली सायमनकाकांनी. वटारचे, निवृत्त ड्रायव्हर. अख्ख्या नोकरीत कुणाला ओरखडासुद्धा नाही. हे ते स्वतः कधी सांगायचे नाहीत, काकू सांगायच्या.

मैदानाला थोडा उतार, आणि गाडीचा हँडब्रेक ढिला. म्हणून काकांनी मागच्या चाकांमागे दोन मोठे दगड लावले. वाकून, पायाने ठोकून, पक्के बसलेत ना ते पाहिलं. माझ्यासमोर.

फोटोत ते दगड वाईट दिसत होते. मी ते काढले.

फोटो छान आला. तेवढ्यात नारळ फोडायला हाक आली आणि मी गेलो. दगड गवतातच. विसरलो, असं म्हणू का? विसरायला आधी ते मनात तरी असावं लागतं ना?

लोक गाडीत चढत होते, सेल्फी काढत होते. गाडी मागे सरकली तेव्हा काही आवाजच झाला नाही. मागे चिंचेखाली खुर्ची टाकून काकू बसल्या होत्या — नवऱ्याचा सत्कार पाहायला आलेल्या. मग किंकाळी. काकांनी धावत चढून ब्रेक दाबला, पण तोवर बंपर आणि झाडाचा बुंधा यांच्यामध्ये काकूंचा पाय सापडला होता.

दवाखान्याच्या बाहेर आमच्यातल्या एकाने विचारलं, "काका, दगड लावले नव्हते का?"

"लावले की! असं कसं?" काका माझ्याकडे वळले. "तू होतास ना रे तिथे? तू पाहिलंस ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी —

"नाही काका. दगड नव्हते."

किती सहज! मला अजून खरं वाटत नाही की ते मी बोललो. नुसता गप्प बसलो असं नाही — बोललो.

काका चिडले नाहीत. म्हणाले, "तू म्हणतोस तर नसतील लावले."

घरी येऊन मी एक फोटो पुसून टाकला. पहिला. दगडांसकटचा.

त्या दिवसानंतर काकांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. मुलीने त्यांना डॉक्टरांना दाखवलं, बाबा विसरायला लागलेत म्हणून. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. तरी ते गॅस बंद आहे का बघायला चारचारदा उठतात. हे मला त्यांच्या मुलीनेच सांगितलं. मी ऐकून घेतलं.

आणि गेल्या आठवड्यात कामानिमित्त वटारला गेलो तर काका-काकू घरासमोरच भेटले. काकूंच्या हातात काठी. काकांनी माझा हात धरला.

"तुला कधी बोललो नाही," ते म्हणाले. "तुमचा एवढा कार्यक्रम माझ्यामुळे बिघडला. माफ कर रे मला."

काकू दुसरीकडे बघत होत्या. तीन वर्षं त्या घरात, त्या दोघांच्या मध्ये, हे असंच पडून होतं? मी कधी विचारसुद्धा केला नव्हता.

तेव्हा तरी सांगता आलं असतं. दोघंही समोर होते. मी काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ द्या काका," मी म्हणालो. "होतं माणसाकडून."

मी त्यांना माफ करून आलो.