त्रिफळ्याची बाटली आणि उजवीकडची दाढ

आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे मला एक सवय जडली आहे: घरातल्या प्रत्येक बरणीवर मी आतल्या वस्तूचे नाव लिहून ठेवते. परळच्या दवाखान्यात रूट कॅनॉलसाठी गेले, तेव्हा पिशवीतल्या बाटलीवरही सुवाच्य अक्षरांत लिहिले होते: ‘त्रिफळा काढा. दोनदा गाळलेला.’

दातांची डॉक्टर माझीच विद्यार्थिनी. दाढेची मुळे आतून धुण्याचे तिचे द्रावण ब्लीचच्या जातीचे असते आणि मुळाच्या टोकाबाहेर गेले तर पोळते, हे तिनेच आदल्या खेपेस समजावले होते. डावीकडच्या माझ्या दाढा केव्हाच गेल्या. चावायला उरली ती उजवीकडची ही एकच. म्हणून घाबरून मी लालबागहून हिरडा, बेहडा, आवळकाठी आणून काढा उकळला.

“याने धू,” मी म्हणाले. “झाडाचे आहे, अपाय नाही.”

तिने लेबल वाचले, खिशातले लाल पेन काढले आणि खाली लिहिले: ‘प्रमाण?’

“बाई, नववीत मी ‘थोडे आम्ल’ लिहिलं, तर तुम्ही अर्धा गुण कापलात.”

“अजून लक्षात आहे?”

“आईने महिनाभर ऐकवलं.”

मग तिने बाटली खिडकीच्या उजेडात धरली. तळाशी गाळ बसला होता. “मुळातल्या केसाएवढ्या वाटेत हा अडकला तर? यात जंतू नाहीत कशावरून? त्रिफळ्यावर अभ्यास चाललेत, बाई, पण ते मोजून केलेल्या, निर्जंतुक अर्कावर. झाडाचं म्हणून निरुपद्रवी, हे उत्तर नाही. ते तपासायचं विधान आहे.”

हे शेवटचे वाक्य मी दर जूनमध्ये फळ्यावर लिहीत असे. ते ऐकून इतका आनंद झाला की घाबरायचे राहूनच गेले.

तिने दाढेभोवती रबराचा पातळ पडदा लावला, सुई मुळाच्या टोकाच्या अलीकडे थांबवली आणि द्रावण थेंबाथेंबाने सोडले. पोहण्याच्या तलावासारखा वास आला; बाकी काही नाही.

दिवाळीत उजव्या बाजूने कडकडून चकली खाल्ली आणि डबा भरून दवाखान्यात नेला. या खेपेस लेबलवर भाजणी, तिखट, मीठ, तीळ, सारे मोजून लिहिले होते.

डॉक्टरीणबाईंनी एक चकली तोंडात टाकली, लेबल शेवटपर्यंत वाचले आणि खिशाकडे हात नेला.

“बाई, मोहनाचं तेल ‘अंदाजे’?”