मुकी विहीण

शिरवण्यात भांडण पेटलं की लोक आधी गोजराबाईला बोलवायचे. मिठागरावर उन्हातान्हात राबलेली ही आगरी बाई, पण जिभेला काय धार! तिच्या बोलीत खाडीतल्या चिखलाला नाना शब्द, आणि आळशी माणसाला त्याहून जास्त. दोन भाऊ कोयते घेऊन उभे ठाकले तरी ती अशी काही झाडायची की दोघंही हसत खाली बसायचे. तसं बोलणारं माणूस आता शोधून सापडत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यानं जीव हळहळतो.

नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, वाशीला बिल्डिंगा उठल्या, आणि गावच्या पोरांना घरच्या बोलीची लाज वाटू लागली. नवरा नामा लवकर गेला होता. गोजराबाईनं एकटीनं लेकीला, जयमालाला, शिकवलं, टायपिस्ट केलं. वाशीच्या सोसायटीतलं नोकरदार स्थळ चालून आलं, तर हीच जयमाला म्हणते कशी, "आई, पाहुण्यांसमोर तू गप्प बस हां. तुझं ते हाय-नाय ऐकलं की मला टेन्शन येतं."

जिव्हारी लागलं! पण माय गप्प बसली. पोहे दिले, हसली, मान डोलावली. मुलाची आई वैजयंतीबाई मनानं चांगली. तिनं हळूच विचारलं, "यांना बोलता येत नाही का? बिचाऱ्या!" जयमालानं मान खाली घातली, आणि झालं, गोजराबाई मुकी ठरली. लग्नात गावकऱ्यांना तिनं सांगून ठेवलं, एकवीरेला मौनाचा नवस बोललेय. देवीच्या नावावर खोटं बोलली हो बाई, लेकीसाठी! पुढंही वाशीला गेली की नुसत्या खाणाखुणा.

मग जयमालाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर रीतच. गोजराबाईनं डिंकाचे लाडू वळले, खोली सारवली आणि लेकीला आणायला वाशीला गेली. वैजयंतीबाईनं चहा दिला, पण काही केल्या ऐकेना.

"राग मानू नका, विहीणबाई. पण तुम्ही पडलात मुक्या, घरात दुसरं कोणी नाही. पोरीला अवेळी कळा सुरू झाल्या, तर हाक कोण मारणार? मी नाही पाठवायची."

बाईचं चुकलं कुठं? गोजराबाईनं लेकीकडं पाहिलं. जयमाला पदर पिळत बसलेली, चेहरा पांढराफटक. बोलावं तर पोर सासरी खोटी पडते, न बोलावं तर माहेराला मुकते. काय करावं माउलीनं?

तिनं कपबशी खाली ठेवली.

"मी मारीन हाक," ती म्हणाली. "माजी हाक खाडीच्या पल्यार जाते."

वैजयंतीबाई उडालीच. "अगं बाई! तुम्ही बोलता?"

"बोलतंय. पोरीला कायपन बोलू नका. आमची भाषा तुमाला गावंढल वाटल, म्हनून मीच मुकी ऱ्हायली. चूक माजी हाय."

सगळा दोष बाईनं स्वतःच्या अंगावर घेतला. धन्य तिची! वैजयंतीबाई सुनेकडं वळली. "खरं का गं हे?"

जयमालानं हातातला पदर सोडला. सासूसमोर तिच्या तोंडून आजवर असा शब्द कधी बाहेर पडला नव्हता.

"नाय," ती म्हणाली. "आये खोटा बोलते. मीच तिला मुकी केली." आणि आईचा हात धरून ढसाढसा रडायला लागली. "आये, मना घरा ने."