दुसऱ्या मंगळवारचा ठराव

व्हर्न टिडमन अडतीस वर्षं सहकारी धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर बसला, पण मक्याच्या एका ट्रकमागेही त्याने पौंड इकडचा तिकडे केला नाही. आयोवातल्या त्या गावात त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. असा माणूस गेलं वर्षभर, दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, वाचनालयात बसून चक्क खोटं बोलत होता.

तिथे त्यांचं मंडळ भरे. घरखर्च आणि शेअर यांचा हिशेब संगणकावर ठेवणाऱ्यांचं मंडळ. सगळे एकच जुना प्रोग्रॅम वापरत, अडलं की एकमेकांना विचारत आणि पाळीपाळीने घरून वड्या करून आणत. एके काळी एकतीस खुर्च्या मांडाव्या लागत. मग कोणी मुलांकडे गेलं, कोणी देवाघरी. उरले दोघं, व्हर्न आणि लोरेन. लोरेन शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, बोलायला फटकळ. दोघांपेक्षा कमी माणसांना खोली मिळत नाही, हा वाचनालयाचा नियम.

त्यात जुना प्रोग्रॅम बंद होणार असं पत्र आलं. नवा निवडायचा, तोही मंडळाच्या रीतीप्रमाणे ठराव करून. व्हर्न एकेक आणून दाखवू लागला आणि प्रत्येकात खोट काढू लागला. एकात लाभांश नीट दिसत नाही, दुसऱ्याची दरवर्षी वर्गणी भरत बसा, चौथ्याला तारखाच कळत नाहीत. खरं तर चौथा उत्तम होता. व्हर्नने स्वतःचा बावीस वर्षांचा हिशेब त्यात कधीच हलवला होता आणि तो सेंटपर्यंत जुळला होता. पण निवड झाली की बैठक कशाला? त्याने लग्न केलं नव्हतं. घर खायला उठायचं. महिन्यातून तेवढ्या एका दुपारी कोणीतरी त्याला नावाने हाक मारायचं.

एप्रिलच्या मंगळवारी लोरेन लिंबाच्या वड्या घेऊन आली आणि कोट न काढताच बसली.

"व्हर्न, आज पाल्हाळ नको. घर विकलं मी. शनिवारी मुलीकडे ॲरिझोनाला चालले, कायमची. त्याआधी कुठला घेऊ ते सांग."

"हा पाचवा बघ ना, यात काय होतं की..."

"पाचवा घाल चुलीत! तू स्वतः कुठला वापरतोस?"

आणखी एक खोट काढता आली असती. पण तिच्या दिवंगत नवऱ्याचं पेन्शन, चार शेअर, सगळ्या पुंजीचा हिशेब त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये अडकला होता. तिला चुकीचं वजन लिहून द्यायचं कसं?

"चौथा," तो म्हणाला. "चांगला आहे. मागच्या एप्रिलपासून वापरतोय."

"मागच्या? अरे, त्याला तारखा कळत नाहीत म्हणालास!"

"कळतात त्याला."

"मग वर्षभर हे नाटक कशाला रे बाबा?"

"ठरवून टाकलं असतं तर तू आली नसतीस."

लोरेनने सावकाश कोट काढला.

"शहाणाच आहेस! नुसतं 'कॉफीला ये' म्हणाला असतास तरी आले असते. दर मंगळवारी आले असते. माझ्या तरी घरी कोण होतं?"

महिन्याचा एक मंगळवार राखायच्या नादात व्हर्नने वर्षातले बाकीचे सगळे घालवले होते.

दोन तास बसून त्याने तिचा हिशेब नव्या प्रोग्रॅममध्ये घालून दिला. ठराव झाला, बाजूने दोन, विरोधात कोणी नाही. "ताटली राहू दे तुला," म्हणून लोरेन गेली. त्याने दोन्ही खुर्च्या जागेवर लावल्या.

दाराशी वाचनालयातल्या बाईंनी वही उघडली.

"मिस्टर टिडमन, पुढच्या महिन्याची खोली लिहू ना? माणसं किती?"

व्हर्नने उरलेल्या वड्यांची ताटली दुसऱ्या हातात घेतली.

"दोन," तो म्हणाला.