चुन्याच्या डबीचा फोटो

लोणी भापकरच्या आबा मास्तरांनी मला हाताला धरून शाळेत बसवलं, म्हणून मी पदवीधर झालो आणि बारामतीच्या एका दवाखान्यात लागलो. तिथं निमगाव केतकीचे एक मामा डॉक्टरांची हत्यारं धूत. कर्करोगावर वापरायची रेडियमची सुई फुटून तिची पूड चिमट्यांना चिकटली असावी, असा मला संशय होता; तिचे न दिसणारे किरण हळूहळू बोटं जाळतात. मामा मात्र ते चिमटे उघड्या हातांनी, दुधाच्या भांड्यासारखे राखेनं घासत.

हातमोजे घाला म्हटलं की हसत. "दिसत न्हाय, वास येत न्हाय, चावत न्हाय. भ्यायचं कशाला, साहेब?"

त्यांना किती किरण लागतात याचा अंदाज घ्यायला मी काळ्या कागदात गुंडाळलेली फोटोची फिल्म त्यांना खिशात ठेवायला दिली. किरण लागले की ती काळी पडते. पण मौल्यवान वस्तू ठेवायची मामांची जागा एकच, कमरेची तंबाखू-चुन्याची चंची. आठवड्यानं फिल्म धुतली, तर सगळी काळवंडलेली आणि मधोमध एक स्वच्छ गोल.

"अवं, ही तर माझी चुन्याची डबी! न इचारता फोटू काढलात व्हय?"

"डबीआड होतं तेवढंच वाचलं, मामा. बाकीचं तुमच्या अंगाला लागलंय."

मामांनी आपली बोटं उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "आणा ते हातमोजं."

डॉक्टरांनी ते चिमटे त्याच दिवशी वापरातून काढले. मी आबांना पत्र लिहिलं: "तंबाखू वाईट, असं तुम्ही शिकवलंत. पण माझ्या पदवीला जे मामांना पटवता आलं नाही, ते त्यांच्या चुन्याच्या डबीनं पटवलं. त्यांची बोटं आज तरी धड आहेत. पुढंही तशीच राहू देत, एवढं देवाला सांगा. तुमचं तो ऐकतो."