खुब्यातला खिळा

दादा गेल्याचा निरोप अकोल्याला आला तेव्हा मी यांच्या दुखऱ्या पायाला तेल चोळत होते. हात धुतले आणि मिळेल त्या मोटारीनं अमरावती गाठली. महिना होत आला. सख्ख्या भावाबद्दल चार गोड शब्द लिही, असं सगळे सांगतात. गोड बरंच होतं हो... पण घशात अडकलंय ते दुसरंच.

दादा हाडांचा डॉक्टर. हाताला यश होतं त्याच्या, खोटं कशाला बोलू? खुबा मोडला की माणूस खाटेला खिळूनच संपायचा, अशा त्या दिवसांत मुंबईच्या एका कंपनीनं हाडात ठोकायचा पोलादी खिळा काढला. पेशंटांना बसवून पाहा म्हणून दादाला खिळे दिले आणि पाठोपाठ दवाखान्याला एक्स-रे मशीन भेट दिलं. काय तो थाट! मशीनला हार, पुढं नारळ, पेढे खायला अर्धी अमरावती. ओवाळलं मीच. पुढं दादानं डॉक्टरांच्या इंग्रजी मासिकात लेख लिहिला. खिळा उत्तम, माणसं चालायला लागली. भेट मिळालेल्या मशीनचा त्यात शब्दही नव्हता. पेढे खाणाऱ्यांना ते ठाऊक होतं, पण लेख वाचणाऱ्यांना कुठून असणार?

तेल्हाऱ्याहून येताना हे मोटारीतून उतरताना पडले आणि खुबा मोडला. अकोल्याच्या डॉक्टरांनी तोच लेख माझ्यापुढं धरला. "बिनधास्त बसवू, बाई. अमरावतीच्या मोठ्या डॉक्टरांनी लिहिलंय."

"अजी, भाऊच आहे तो माझा!" मी म्हटलं. केवढा अभिमान वाटला होता मला!

काही महिन्यांत पायात अशा कळा यायला लागल्या की हे उशी चावायचे. यांना घेऊन अमरावतीला गेले. दादानं फोटो काढला, ओली फिल्म खिडकीशी धरली. खिळ्याचे दोन तुकडे झालेले मलाही दिसले.

"दादा, असं आधी कधी झालं होतं?"

त्यानं फिल्म टेबलावर ठेवली. मी पुन्हा विचारलं.

"एक तुटला होता. लेख लिहायच्या आधी. मले वाटलं, पेशंटच पडला असन."

"मंग लिहिलं काहून नाही?"

"मशीन नुकतंच आलं होतं, कुसुम. मशीन त्याईचं, अन् त्याच्यातच त्याईचा खिळा तुटलेला दिसून राहिला... कोण्या तोंडानं लिहू?"

तुकडे त्यानंच काढले. पाय आखूड झाला तो झालाच. त्यानंतर दादानं तो खिळा बसवणं बंद केलं, पण गुपचूप. लेख तसाच राहिला. "आता तरी खरं लिही," म्हणून मी भांडले, पाया पडले. "लिहितो," म्हणायचा. तो लेख वाचून कुठं कुठं कोण खिळे ठोकत असेल, देव जाणे.

तेरवीच्या दिवशी दवाखान्यात डोकावले. दादाच्या खुर्चीत भाचा बसलेला, तोही हाडांचाच डॉक्टर. खुशीत होता.

"आत्या, पुढच्या महिन्यात विलायतेले चाललो. कंपनीनं मोडलेल्या हाडावर बसवायची नवी पट्टी काढली, ते शिकाले. सारा खर्च त्याईचाच. आलो की लेख लिहीन."

"खर्च त्यांचा, हे लेखात लिहिशील?"

तो गोंधळला. "लपवून थोडंच चाललो, आत्या? साऱ्या गावाले ठाऊक आहे. अन् लेखात असं कोणी लिहीत असते का?"

निर्मळ हसला तो, अगदी दादा हसायचा तसा... मला धडकीच भरली.