बहुरूप्याला कुलूप हवं होतं

भास्कर गेल्याचं कळलं तेव्हा मी बँकेत हयातीचा दाखला द्यायला उभा होतो. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं सांगावं लागतं. यंत्र माझा अंगठा ओळखत नव्हतं आणि काउंटरवरची मुलगी पुन्हापुन्हा म्हणत होती, काका, थोडं दाबून धरा. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. रेणूचा होता, भास्करच्या मुलीचा. ती हैदराबादेत नोकरी करते, वडिलांची तब्येत उतरली म्हणून त्या आठवड्यात घरी आलेली होती. ''काका, बाबा सकाळी झोपेतच गेले,'' एवढंच ती म्हणाली. मी ''बरं'' म्हणालो. अशा वेळी माणूस बरं कशाला म्हणतो, कोण जाणे... फोन ठेवला, अंगठा पुन्हा काचेवर टेकवला. या खेपेला यंत्राने ओळखलं.

त्याला आता काही आठवडे झाले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भन्ते येऊन गेले, दारापुढचा मंडप निघाला, पाहुणे आपापल्या गावी परतले. आमच्या वयात माणसं जातात तेव्हा दुःखाआधी थकवा येतो. लिहायला बसलो की भास्कर तक्रार करतानाच आठवतो. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण शेवटच्या दोन-तीन वर्षांत मी त्याच्या तोंडून जे ऐकलं, त्यात बहुतेक एका लहानशा डब्याविषयीची गाऱ्हाणी होती, आणि ती वगळली तर माझ्याजवळ त्याचं फार थोडं उरतं.

आम्ही शाळेपासूनचे. पुढे तो डाकखात्यात लागला, मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात. दिवसा तो पत्रं वेगळी करायचा आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. लग्नं, गणपती, कॉलन्यांची स्नेहसंमेलनं. एप्रिलात जयंतीला वस्तीतल्या स्टेजवर मात्र तो न चुकता असायचा, तिथे जाताना त्याला बोलावणं लागत नसे. त्याच्याजवळ व्हॉल्व्हचा जुना अँप्लिफायर होता, एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून घेतलेला. भरलेल्या सिलिंडरइतका जड. सुरू केला की आतल्या काचेच्या नळ्या तापून तांबूस व्हायला वेळ लागायचा, आणि तोवर भास्कर कोणाशी बोलत नसे. त्या अँपचा आवाज जरासा बसलेला होता, सर्दी नुकतीच होऊन गेलेल्या माणसाचा असतो तसा. हे वर्णन माझं नाही, त्याचं आहे. मला त्यातलं काही कळत नव्हतं. ''सूर तारेचा असते, आवाज डब्ब्याचा,'' तो मला समजवायचा. मग एखादं बटण केसभर फिरवून तोच तुकडा दोनदा वाजवायचा आणि विचारायचा, ''फरक समजला का गा, पंडित?'' पुस्तकं सांभाळतो म्हणून मी पंडित. मी नाही म्हणायचो. त्यावर तो खूश होत असे. बाकीचे सारे हो म्हणतात, म्हणून तुलेच विचारतो, असं त्याचं म्हणणं.

हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली. मोठा अँप कोपऱ्यात गेला. काही दिवसांनी त्याची एक नळी गेली. ती शोधत आम्ही सीताबर्डीच्या बाजारात किती दुकानं पालथी घातली... एका दुकानदाराने चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं आणि काकाजी, अब ये कौन रखता है, असं हसून सांगितलं. परतताना भास्कर मेट्रोत डोळे मिटून बसला होता. पुढच्या सुट्टीत रेणू एक नवी वस्तू घेऊन आली. जेवणाच्या डब्याहून थोडी मोठी, एका हाताने उचलता येणारी, चार्जिंगवर चालणारी. आत नळ्या नाहीत, लहानसा संगणकच म्हणायचा. जगातल्या नामांकित अँपांच्या आवाजांची तो नक्कल करतो, हे तिने समजावून सांगितलं. भास्करने त्याला चहूबाजूंनी पाहिलं.

''म्हणजे बहुरूपी आहे हा,'' तो म्हणाला. ''पोलीस होईन, साधू होईन. पण स्वतःचं घर कुठी आहे ते नाही सांगन.''

तेव्हापासून त्या डब्याचं नाव बहुरूपी पडलं. भास्करने त्याला नाकारलं नाही, हे सांगितलं पाहिजे. उलट आपला हरवलेला आवाज त्याच्या पोटात कुठेतरी आहे अशा श्रद्धेने तो त्याच्यामागे लागला. त्याला दुसरं काही नको होतं. तो जुना बसका आवाज एकदा परत सापडावा आणि हातात जोर आहे तोवर त्यात वाजवायला मिळावं, एवढंच. जोर फार दिवस राहणार नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि मलाही. मी प्रताप नगरातल्या त्यांच्या घरी दर दोन-तीन दिवसांनी जायचो, आणि चहाबरोबर नवं गाऱ्हाणं मिळायचं. हळू ठेवला की याचा जीव जाते, मोठा केला की खालच्या मजल्यावरचे भांडायला वर येतात. बटणांवरची अक्षरं मुंगीएवढी, ती काय स्टेजवर दिसणार? खरी कामाची बटणं तर डब्यावर नाहीतच, ती सगळी फोनमध्ये. याचा त्याला फार राग यायचा. माझ्याच आवाजाले भेटायचं, तर फोनले विचारून भेटायचं काय, म्हणायचा. मला कंटाळा येत असे. मी मान हलवत वर्तमानपत्र वाचत राही.

मौद्याला वीज केंद्राच्या कॉलनीत गणपतीचा कार्यक्रम होता, तेव्हा त्याच्या जुन्या सोबत्यांनी त्याला हट्टाने बोलावलं. बहुरूपी घेऊन मीच सोबत गेलो. कार्यक्रम रंगात आला आणि डब्यावरचा हिरवा दिवा लाल झाला. आता दम धरेल असं वाटलं, तर त्याच गाण्यात तो बंद पडला. लोकांना कळलं नाही, कारण भास्कर गाणं संपेपर्यंत मुक्या तारांवर बोटं फिरवत राहिला, मान डोलावत राहिला. ढोलकवाल्याने हात मोठा करून सांभाळून घेतलं. परतीच्या वाटेवर गाडीत तो मांडीवरच्या डब्याला म्हणाला, ''हलका आहेस, खांद्याले लागत नाहीस, मान्य. पण मराचं असन तर आधी सांगून तर मर ना गा.'' ड्रायव्हर हसला. आम्ही दोघे हसलो नाही.

आवाज सापडला तो भर उन्हाळ्यात, दुपारी. रेणू आलेली होती. तिच्या हातात फोन, त्याच्या मांडीवर गिटार. तो वाजवायचा, ती काहीतरी सरकवायची, तो मान हलवायचा. नीट ऐकू यावं म्हणून कूलर बंद केलेला, आणि आम्ही सगळे घामाने निथळत होतो. थोडं कमी, थोडं मागं, नाही, होतं तसंच कर... असं कितीतरी वेळ चाललं. मग तो थांबला. तोच तुकडा पुन्हा वाजवला. स्वयंपाकघरातून शालिनीवहिनी कणकेच्या हातांनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ''काहून जी, जुना डब्बा सुरू झाला का?'' भास्करने त्यांच्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. त्या दिवशी त्याने मला फरक विचारला नाही.

खरी काळजी त्यानंतर सुरू झाली. बहुरूप्याची एक खोड होती. आतला आवाज फोनवरून बसवलेला, आणि वरची बटणं भलत्याच जागी. एखाद्या बटणाला नुसता धक्का लागला, तरी आवाज ते बटण जिथे असेल तिथे उडी मारायचा, आणि मग डबा तोच नवा आवाज लक्षात ठेवायचा. जुना गेला तो गेला. रेणूने फोनमध्ये नक्कल ठेवली होती, पण पुढे फोनमध्ये काही नवं आपोआप उतरलं आणि त्याने डब्याला ओळख देणंच सोडलं. नक्कल त्यातच गेली. आता तो आवाज जगात फक्त त्या डब्यात होता. भास्करची बाकीची गाऱ्हाणी इथे संपली आणि एकच उरलं. गाडीले कुलूप, फोनले कुलूप, अन् याले एक बारीक कुलूप टाकायचं काहून नाही सुचलं कोणाले, हे तो भेटेल त्याला विचारू लागला. दूधवाल्यालाही.

शालिनीवहिनी खिडक्यांचे गजसुद्धा रोज पुसणाऱ्या. त्यांना त्याने ताकीद दिली, बटणांले फडकं लावू नको.

''अन् धूळ बसून राहीन, त्याचं?''

''बसू दे वं. धूळ आवाज नाही बदलवत.''

''माह्या आवाजाची एवढी काळजी कधी नाही केली तुमी,'' त्या म्हणाल्या आणि फडकं झटकून आत गेल्या. भास्कर मला डोळा मारून हसला, पण त्यांनी बटणांना हात लावला नाही.

पावसाळ्यानंतर तो झपाट्याने उतरला. दोन-चार मिनिटं वाजवायचा, मग गिटार मांडीवर आडवी ठेवून नुसता बसायचा. तक्रार बंद झाली होती आणि मला ती हवीशी वाटू लागली होती. शेवटच्या भेटीत मीच विषय काढला. कंपनीवाल्यांनी विचारलं तर काय सांगशील, म्हटलं.

''बाकी सारं चालते,'' तो म्हणाला. ''फक्त कुलूप.''

मागच्या आठवड्यात मी त्या घरी गेलो. थंडी पडली आहे, वहिनींनी शाल पांघरली होती. घर नेहमीसारखं लख्ख. बहुरूपी खिडकीजवळच्या स्टुलावर होता. स्टुलाचे पाय पुसलेले, डब्याच्या बाजू पुसलेल्या, मागची जाळीही पुसलेली. फक्त वरच्या बटणांच्या ओळीवर धूळ होती, पिठासारखी, जाड. पुस्तकांवरची धूळ फुंकायची माझी जन्माची सवय. मी वाकलो.

''फुंकू नका, भाऊजी,'' वहिनी मागून म्हणाल्या.

मग त्यांनी मागचं स्विच बेताने दाबलं. गिटार घेतली, सूप धरावं तशी मांडीवर धरली आणि अंगठ्याने एक तार छेडली. त्यांना वाजवता येत नाही. इतक्या दिवसांत कोणी तारा ताणल्या नव्हत्या, सूर पार उतरला होता, ते माझ्यासारख्यालाही कळलं. पण त्या उतरलेल्या सुराचा आवाज... जरासा बसलेला, सर्दी नुकतीच होऊन गेलेल्या माणसाचा.

''तोच आहे ना?'' त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो. त्या घरात आवाजाबद्दलचा प्रश्न मला किती वर्षं विचारला गेला होता, आणि हो मी पहिल्यांदाच म्हणत होतो.

तार शांत होईपर्यंत त्या थांबल्या. मग स्विच बंद केलं, बोट लागलं होतं तेवढी जागा शालीच्या टोकाने पुसली, आणि वरची धूळ तशीच राहू दिली.